दर चौरस फुटाचा, पाया काळ्या मातीतला : लातूरच्या एका घरबांधणीचे प्रकरण

लातूर शहराच्या कडेला, औसा रस्त्यापासून थोडे आत, एका मंजूर रेखांकनातील ४० बाय ५० फुटांच्या भूखंडावर एका शिक्षक दांपत्याने आपल्या मनासारखे घर बांधले. आराखड्यापासून पहिला पावसाळा सरेपर्यंत या बांधकामाचा सल्लागार अभियंता म्हणून माझा त्यात सहभाग होता. घर चारचौघांसारखेच आहे, आणि म्हणूनच त्याची नोंद मांडण्यासारखी वाटते. मराठवाड्यात स्वतःच्या जागेवर बांधकाम काढणाऱ्या कुटुंबापुढे जे प्रश्न उभे राहतात, त्यांतले बहुतेक येथे एकामागून एक आले. मालक आणि गुत्तेदार यांचे भांडण दरावरून होते, असा समज आहे. माझ्या पाहण्यात ते दरात काय धरले आहे आणि काय धरलेले नाही, यावरून होते, आणि या कामातला वाढीव खर्च व मनस्ताप यांचे मूळ शोधत गेले तर बहुतेक वेळा तेथेच पोहोचता येते.

कुटुंब आणि त्यांच्या अपेक्षा

घरात सर, मॅडम, शाळेत जाणारी मुलगी आणि सरांचे आईवडील अशी पाच माणसे. आईवडील तोपर्यंत औसा तालुक्यातील आपल्या गावी, भूकंपानंतरच्या पुनर्वसनात मिळालेल्या घरात राहत होते. त्या पुनर्वसनात कुटुंबाकडील शेतजमिनीच्या प्रमाणात २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरे दिली गेली. यांच्या वाट्याला ४०० फुटांचे आले होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जी हजारो माणसे गेली, त्यांतील बहुतेक दगड-मातीच्या जाड भिंती आणि मातीचे जड माळवद अंगावर पडून गेली, हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिले त्यांना छताविषयी मोकळेपणाने बोलता येत नाही. सरांच्या आईंनी पहिल्याच बैठकीत सांगितले की डोक्यावर ओझे नको, पत्रे टाका. सरांच्या वडिलांना, म्हणजे आप्पांना, मात्र जुन्या वाड्यासारखी ढाळज हवी होती, आल्यागेल्याला बाहेरच्या बाहेर बसता येईल अशी. मॅडमना स्वयंपाकघर मोठे आणि उजेडाचे हवे होते, आणि सरांना पुढेमागे वरचा मजला चढवण्याची सोय.

या चारही अपेक्षांपैकी सर्वांत महाग अपेक्षा सरांची होती, आणि ती सहज बोलण्यात आली होती. वरचा मजला कधी काळी बांधायचा असेल तर त्याचे वजन आजच्या पायाला आणि कॉलमना पेलता आले पाहिजे. पाया भरून झाल्यावर तो निर्णय घेता येत नाही. म्हणून तळमजला आता आणि वरचा मजला पुढे, असे धरूनच संरचनेचे गणित केले. आईंना पत्र्यांऐवजी स्लॅब का चालेल, हे समजावण्यात बराच वेळ गेला आणि तो वाया गेला असे मला वाटत नाही. माळवद जड होते हे खरेच, पण ते ज्या भिंतींवर टेकले होते त्यांच्यातले दगड एकमेकांना मातीखेरीज कशानेच बांधलेले नव्हते. धक्का आला तेव्हा भिंती सुटल्या आणि ते वजन खाली आले. पाया, कॉलम, बीम आणि स्लॅब एकमेकांत नीट गुंतवलेले असतील तर घर एकसंध हलते. ‘नीट गुंतवलेले’ या दोन शब्दांना पुढे किती काम पडले, ते ओघाने येईलच.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात सांगतो. भूखंड अकृषिक परवानगीच्या रेखांकनातला असल्यामुळे गुंठेवारीचा घोळ नव्हता. महानगरपालिकेचा बांधकाम परवाना मंजूर नकाशासह हातात आल्याशिवाय बँकेने कर्जाचा पहिला हप्ता सोडला नाही, आणि परवान्यासाठी नकाशा अंतिम करणे भाग असल्यामुळे वास्तुशास्त्राचा सल्ला घेणे असेल तर तो नकाशा दाखल करण्यापूर्वीच घ्यावा, असे मी कुटुंबाला सुचवले. त्या शास्त्राविषयी माझे मत काहीही असो, जोता, म्हणजे घराचा चौथरा, झाल्यावर स्वयंपाकघराची दिशा बदलण्याचा खर्च मात्र निर्विवाद असतो. पुढे दहा फूट आणि उरलेल्या तीन बाजूंना पाच-पाच फूट सोडून ३० बाय ३५, म्हणजे १,०५० चौरस फुटांचा तळमजला ठरला.

चाचणी खड्डे

कुटुंबाने माझ्याकडे येण्याआधीच एका गुत्तेदाराकडून साहित्यासह दर घेतला होता. माणूस कामसू होता, आसपासच्या वसाहतीत त्याची घरे उभी होती. दरपत्रक एका पानाचे होते आणि त्यात पायाविषयी एकच ओळ होती : ‘पाया पाच फूट’. हा आकडा कोठून आला, असे विचारल्यावर ‘इकडं सगळीकडं पाचावर मुरूम लागतोय’ असे उत्तर मिळाले.

मराठवाड्यातली काळी माती पिकाला जितकी उदार, तितकीच बांधकामाला लहरी. पाणी मिळाले की ती फुगते आणि उन्हाळ्यात सुकली की आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या फुगण्या-आकसण्यावर घराचा भार ठेवला तर दर पावसाळ्यात दारे चौकटीत अडकतात, फरशी मधोमध उचलली जाते, भिंतीत कोपऱ्यापासून तिरक्या चिरा जातात. त्यामुळे पाया काळी माती ओलांडून घट्ट मुरमापर्यंत नेणे हा साधा आणि खात्रीचा उपाय. प्रश्न एवढाच की मुरूम किती खोल आहे. करारावर सही होण्यापूर्वी भूखंडाच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत जेसीबीने चाचणी खड्डे घेतले. रस्त्याकडच्या कोपऱ्यात साडेचार फुटांवर पिवळसर घट्ट मुरूम लागला. मागच्या कोपऱ्यात नऊ फुटांपर्यंत काळी मातीच निघत राहिली, मुरूम त्याखाली लागला आणि तळाशी ओल दिसली. शेजारच्या वयस्कर शेतकऱ्यांनी मग सांगितले की रेखांकन होण्यापूर्वी तिकडून लहानसा ओढा जात असे.

याचा हिशोब घरच्यांसमोर कागदावर मांडला. एकूण बारा कॉलम. त्यांतले सहा खोल बाजूला. पाच बाय पाच फुटांचा खड्डा चार फूट आणखी खोल न्यायचा तर शंभर घनफूट, म्हणजे बरोबर एक ब्रास माती एका खड्ड्यातून जास्त निघते. सहा खड्ड्यांचे सहा ब्रास. एवढ्याने कोणी भिकेला लागत नाही. पण ओल्या काळ्या मातीच्या कडा ढासळतात म्हणून खड्डा रुंदही करावा लागतो, प्रत्येक कॉलमची जमिनीखालची लांबी चार फुटांनी वाढते, आणि मुख्य म्हणजे निघालेली माती परत भरता येत नाही. जोत्याची उंची दोन फूट धरली तर १,०५० फुटांच्या घराखाली भिंती वजा जाता सुमारे वीस ब्रास भराव लागतो. ठोकून बसवल्यावर मुरूम दबतो, त्यामुळे आणताना पंचवीस ब्रासच्या आसपास आणावा लागतो. गुत्तेदाराच्या मूळ दरात हा भराव खोदाईतल्या मातीनेच करायचे धरले होते. अंगणात पडलेली माती फुकट आणि मुरूम विकतचा, तेव्हा त्याच्या बाजूने हे तर्कशुद्धच होते. फक्त फरशीखाली काळी माती कोंडल्यावर दोन पावसाळ्यांनी ती काय करते, हे सोसायला तो तेथे राहणार नव्हता.

खड्डे घेण्याला जेसीबीचे अर्ध्या दिवसाचे भाडे पडले. त्या भाड्यात करारातील सर्वांत मोठा संभाव्य वाद सहीच्या आधीच संपला.

करार

नवा करार पाच-सहा पानांचा झाला. चौरस फुटाचा दर ठेवला, पण तो जोत्याच्या वरच्या कामापुरता. जोत्याखालची खोदाई, मुरूम आणि काँक्रीट यांचे दर ब्रासप्रमाणे वेगळे लिहिले आणि मोजमाप दोघांच्या समक्ष घ्यायचे ठरले. मग दरात काय येत नाही, याची यादी केली : आवारभिंत, फाटक, बोअर, जमिनीखालचा हौद, शोषखड्डा, वीजजोडणी. या यादीने सरांचा चेहरा उतरला, कारण घराच्या अंदाजात त्यांनी हे सगळे मनातल्या मनात धरून टाकले होते. माझ्या मते कराराचा हाच भाग मालकाने सर्वांत आधी मागावा. दरात काय येते हे गुत्तेदार न विचारता सांगतो. काय येत नाही हे विचारावे लागते.

चौरस फूट मोजायचे कसे, हेही लिहिले. जिन्यावरची खोली, ढाळजेचे छत आणि खिडक्यांवरचे छज्जे पूर्ण मोजायचे, अर्धे मोजायचे की मोजायचेच नाहीत, याबाबत लातुरात प्रत्येकाची रीत निराळी आहे. येथे ढाळज पूर्ण, जिन्यावरची खोली अर्धी आणि छज्जे दरातच, असे ठरले. पाच टक्के रक्कम पहिला पावसाळा संपेपर्यंत अनामत राहील, या कलमाला गुत्तेदाराने दोन दिवस विरोध केला आणि शेवटी मान्यता दिली.

काम कधी काढायचे

आप्पांनी अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त धरला होता. भूमिपूजन त्याच दिवशी झाले, खोदाई मात्र दसऱ्यानंतर. काळ्या रानात पावसाळ्यात खड्डे उघडे ठेवले तर कडा ढासळतात, तळाचा मुरूम भिजून सैल होतो आणि खडीचा ट्रक भूखंडापर्यंत पोहोचतच नाही. पावसाळ्यात नदीपात्रातील वाळूचा उपसाही बंद असतो. दुसऱ्या बाजूने, दसऱ्यानंतर काम काढले की बीड आणि आसपासच्या भागातले मजूर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेले असतात. मिस्त्री मिळतो, बिगारी मिळत नाही. आणि फार लांबवले तर स्लॅब उन्हाळ्यात येतो, जेव्हा लातुरात पिण्याच्या पाण्याचीच भ्रांत असू शकते. २०१६ मध्ये या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, ते कोणी विसरलेले नाही. या तिन्ही अडचणींतून वाट काढत दिवाळीपूर्वी पाया आणि माघात स्लॅब असे वेळापत्रक बसवले. मजुरांच्या तुटवड्याने ते तीन आठवड्यांनी सरकले. तेवढी सवड आधीच धरलेली होती.

वाळूसाठी वाट पाहिली नाही. स्लॅब, बीम आणि कॉलमना धुतलेली कृत्रिम वाळू वापरली आणि नदीची वाळू मिळाली तेवढी गिलाव्याला ठेवली. खाणीची न धुतलेली भुकटीही क्रश, म्हणजे कृत्रिम वाळू, म्हणून विकली जाते. मुठीत ओली करून दाबली आणि तळहाताला पिठासारखा थर चिकटला की तो ट्रक परत पाठवायचा, एवढी खूण मॅडमना दाखवून ठेवली होती, आणि त्यांनी एक ट्रक खरोखर परत पाठवला.

कॉलम आणि रिंगा

सर्वांत मोठा वाद कॉलमच्या जाडीवरून झाला. नऊ इंची भिंतीत नऊ इंची कॉलम लपून जातो, खोलीत कोपरा पुढे येत नाही, म्हणून तीच जाडी सर्वांना आवडते. मी बारा इंच, म्हणजे ३०० मिलिमीटर मागितले. गुत्तेदार म्हणाला, ‘सर, सगळेच नऊ इंची टाकतेत, आजवर कुणाचं पडलं का?’ ज्या घरात आई बसल्या होत्या त्या घरात हा प्रश्न विचारायला नको होता, हे त्याच्याही लगेच लक्षात आले. १९९३ साली हा भाग भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. २००२ मध्ये सुधारलेल्या नकाशात तो तिसऱ्या क्षेत्रात गेला. तिसऱ्या क्षेत्रापासून पुढे आयएस १३९२० हे भूकंपात टिकणाऱ्या काँक्रीट बांधकामाचे भारतीय मानक लागू होते आणि त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत कॉलमची कोणतीही बाजू ३०० मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. तीन इंचांचा जो कोपरा पुढे आला, त्याच्या दोन्ही बाजूंना झोपायच्या खोल्यांत कपाटे बसवली.

रिंगांचा प्रश्न याहून बारीक आणि याहून महत्त्वाचा. कॉलममधल्या उभ्या सळयांना ज्या ८ मिलिमीटरच्या रिंगा बांधतात, त्यांची टोके कारागीर काटकोनात वळवून सोडतात. हात भराभर चालतो आणि सळई थोडी वाचते. भूकंपात कॉलमच्या बाहेरचे काँक्रीट आधी फुटून पडते, आणि त्यानंतर काटकोनातले टोक उघडते, रिंग सुटते, उभ्या सळया बाहेर फाकतात. टोक आणखी आत, १३५ अंशांत, काँक्रीटच्या गाभ्याकडे वळवले आणि वळणापुढे किमान ६५ मिलिमीटर ठेवले तर ते गाभ्यात रुतून राहते. जागेवर आलेल्या रिंगांचा पहिला ढीग काटकोनातलाच होता. तो सगळा पुन्हा वळवून घेतला. कारागिराने लाकडी फळीवर तीन खिळे ठोकून साचा केला आणि दुपारपर्यंत त्याचा हात बसला. बीमच्या खाली-वर, सांध्याजवळ, रिंगांतील अंतर सुमारे ७० मिलिमीटर, म्हणजे तीन इंचांहूनही कमी ठेवले. मधल्या भागात ते वाढवले. ‘नीट गुंतवलेले’ म्हणजे एवढेच, पण ते काँक्रीट ओतण्यापूर्वीच पाहता येते.

सळई जालन्याहून आली. वजनकाट्याची पावती घेतलीच, शिवाय १२ मिलिमीटरचा एक मीटर तुकडा कापून किराणा दुकानाच्या काट्यावर तोलला. तो ८८८ ग्रॅमच्या आसपास, पाच टक्के कमी-जास्त, भरला पाहिजे. भरला.

स्लॅब आणि पाणी

स्लॅबच्या दिवशी काम बिघडते ते बहुधा पाण्याने. मिक्सरमध्ये सिमेंटच्या ५० किलोच्या एका गोणीला २५ लिटर पाणी पुरते, आणि वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. माल पातळ असला की ढकलायला सोपा जातो, म्हणून कोणी न सांगता आणखी अर्धी बादली पडते आणि ताकद तेथेच उतरते. येथे मिक्सरजवळ खूण केलेली बादली ठेवून तिच्यापाशी सरांना उभे केले. दिवसभर त्यांनी दुसरे काही केले नाही. शिक्षकाला पोरांवर लक्ष ठेवण्याची सवय असतेच.

त्यानंतर स्लॅबवर मातीचे वाफे बांधून पाणी साठवले. १,०५० फुटांवर दोन इंच पाणी म्हणजे सुमारे ५,००० लिटर, एक टँकर; शिवाय रोज उडून जाणारे वेगळे. राखमिश्रित सिमेंट असल्यामुळे हे दहा दिवस चालवले. कॉलमना बारदान गुंडाळून भिजवत ठेवले. बोअरचे पाणी काँक्रीटमध्ये वापरण्यापूर्वी तपासून घेतले होते. क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असावे लागते आणि ते होते. टँकरचा खर्च कोणाकडे, हे करारात लिहिलेले असल्यामुळे त्यावरून कोणी तोंड उघडले नाही.

बदल आणि पैसा

घर मनासारखे बांधायचे म्हणजे मन मध्येच बदलणार, हे गृहीत धरावे. पहिल्या महिन्यात मिस्त्रीला सर एक सांगत, आप्पा दुसरे आणि पुण्याहून आलेले मेहुणे तिसरे. मग ठरले की गुत्तेदाराशी फक्त मॅडम बोलतील आणि प्रत्येक बदल वहीत लिहून, त्यापुढे वाढणारी रक्कम आणि दिवस टाकून, दोघांच्या सहीनंतरच करायचा. वहीत लिहायची वेळ आली की निम्मे बदल आपोआप गळाले. जे राहिले त्यांतला एक अगदी योग्य होता : आप्पांच्या गुडघ्यांसाठी त्यांच्या खोलीलगत न्हाणीघर. हे स्लॅबच्या आधी सुचले म्हणून नळ-सांडपाण्याच्या वाटा बदलून भागले. विजेच्या नळ्या आणि पंख्यांच्या हुकांची जागा ठरवल्याखेरीज स्लॅब भरू दिला नाही. नंतर छिन्नीने खोदून काढलेली प्रत्येक खाच गिलाव्यावर चिरेच्या रूपाने दिसते.

पैशाची ओढाताण अपेक्षित ठिकाणी झाली. बँक टप्पा पूर्ण झाल्यावर, आपल्या अभियंत्याची पाहणी झाल्यावर हप्ता सोडते. गुत्तेदाराला टप्पा सुरू होण्यापूर्वी उचल लागते. या दोहोंमधले अंतर मालकाच्या खिशातून जाते आणि ते सर्वांत रुंद असते पायाच्या वेळी, जेव्हा डोळ्यांना दिसण्यासारखे काहीच उभे राहिलेले नसते. मॅडमनी सोने गहाण ठेवायचे मनात आणले होते. मी त्याऐवजी टाइल्स, फर्निचर आणि रंगाची खरेदी पुढे ढकलायला सांगितले, आणि कुटुंब काही महिने खोल्यांत नुसत्या कोब्यावर राहिले. स्वयंपाकघर व न्हाणीघर तेवढे पूर्ण केले. या निर्णयाबद्दल आई नाराज होत्या. वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्यांसमोर कोबा दिसला, हे त्यांना अजून खटकते.

पहिल्या पावसाळ्यात स्लॅब गळला नाही. गच्चीच्या कठड्याच्या एका कोपऱ्यातून ओल आली, गुत्तेदाराने येऊन तो सांधा उघडून पुन्हा भरला आणि दिवाळीत त्याची अनामत त्याला मिळाली. वरच्या कामात एका कलमावर तंटा राहिला : ढाळजेच्या कडेचा बसायचा ओटा ढाळजेच्या मोजमापात आला की वेगळा, हे लिहायचे राहून गेले होते, आणि तेथे दोघांनी निम्मे-निम्मे सोसले.

आवारभिंत मात्र झुकली. ती कराराबाहेर होती, खर्च वाचवण्यासाठी सरांनी ओळखीच्या मिस्त्रीकडून परस्पर बांधून घेतली होती, आणि तिचा पाया दोन फुटांवर, सरळ काळ्या मातीत होता. जुन्या ओढ्याच्या बाजूला तिला श्रावणातच आडवी चीर पडली. त्या मिस्त्रीने हात वर केले. त्याच्याकडे लिहिलेले काहीच नव्हते आणि सरांकडेही. मागची तेवढी बाजू उतरवून, ठराविक अंतरावर मुरमापर्यंत खड्डे नेऊन, त्यांवर बीम टाकून नव्याने बांधायचे ठरले आहे. त्या कामाचे मोजमाप ब्रासप्रमाणे होईल आणि दर मॅडमच्या वहीत लिहिला गेला आहे.